थांबलेले चाक : बुलढाणा जिल्ह्यातील रस्ते, वाहनांची नादुरुस्ती आणि सुरक्षितता – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

रस्त्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे धावणाऱ्या वाहनांकडे जाते. कोणता मार्ग केव्हा झाला, कोणत्या बाजारपेठा जोडल्या गेल्या, मालाची ने-आण किती वाढली, या प्रश्नांभोवतीच बहुतेक लेखन फिरते. वाटेत थांबून पडलेल्या वाहनाचा विचार मात्र क्वचितच होतो. चाक निखळले, टायर फुटला, आस मोडला की प्रवास थांबतो. परंतु इतिहास तेथे थांबत नाही. त्या थांबलेल्या वाहनाभोवती कोण जमते, दुरुस्ती कोण करते, मागून येणाऱ्याला सूचना कोण देते आणि झालेल्या हानीचा दोष कोणाच्या माथी जातो, यावरून त्या काळातील रस्ता आणि समाज यांचे नाते उघड होते.

प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या दुर्लक्षित बाजूचा विचार केला आहे. हा जिल्हा या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरतो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला आजही रेल्वे नाही. घाटावरचा आणि घाटाखालचा असे जिल्ह्याचे दोन भाग लोकव्यवहारात आजही मानले जातात आणि त्यांना जोडणारा प्रत्येक मार्ग चढ-उताराचा आहे. शिवाय बैलगाडीच्या चाकोरीपासून नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गापर्यंतचे सर्व टप्पे या एकाच जिल्ह्याने पाहिले आहेत.

लोखंडी धाव आणि घाटवाटा

अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून पायनघाटात उतरणाऱ्या वाटांना मध्ययुगात लष्करी महत्त्व होते. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रोहिणखेडला १४३७ व १५९० अशा दोन लढाया झाल्या, त्या या वाटेमुळेच. देऊळघाट या गावाच्या नावातही घाट आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, तेव्हा या वाटांवरून सैन्याऐवजी कापसाच्या गाड्या उतरू लागल्या. खामगावची बाजारपेठ एवढी मोठी झाली की जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे ८ मैलांचा स्वतंत्र रेल्वेफाटा घालावा लागला. तो १८७० मध्ये सुरू झाला. (खामगाव तालुका त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता, तो बुलढाण्यात आला १९०५ मध्ये.) रेल्वे आली तरी शेतापासून स्थानकापर्यंतचे ओझे बंडीवरच राहिले, हे मात्र विसरता येत नाही.

बंडीच्या चाकाची रचना पाहिली असता तिच्यातच दुरुस्तीची सोय होती असे दिसते. मध्ये तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पुठ्ठे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव बसविताना लोहार ती भट्टीत लाल होईपर्यंत तापवीत असे, म्हणजे ती फुगे. मग ती लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओतले की आकसून घट्ट बसे. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव सैल होई. अशा वेळी गाडीवान चाक नदीनाल्याच्या पाण्यात भिजत ठेवून तात्पुरते काम भागवीत असे. आस मोडला तर सुतार, धाव सुटली तर लोहार. दोघेही गावचे बलुतेदार आणि गाव फार तर दोन-तीन कोसांवर. गाडी घाटात थांबली की चाकामागे दगड लावावा, बैल सोडावे आणि मदत येईपर्यंत सावलीत बसावे, हा क्रम गाडीवानाला कोणी शिकवावा लागत नसे.

या काळातील नादुरुस्तीत जीव जात नसत असे नाही. घाटात गाडी उलटून माणसे व बैल दगावत. तथापि मागून येणारी दुसरी गाडी ही थांबलेल्या गाडीला धोका नव्हती. तिचा वेग माणसाच्या चालीएवढा होता, आणि वाट अडलेली दिसली की बैल स्वतःच थांबत. पुढील शंभर वर्षांत नेमकी हीच गोष्ट बदलली.

‘स्टेपनी’ : एका शब्दाचा प्रवास

हवेने भरलेल्या रबरी चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये मांडली आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये ती व्यवहारात आणली. या चाकाने प्रवास सुखकर केला, परंतु त्याबरोबर एक नवे संकटही आणले. लोखंडी धाव सैल होण्याआधी कुरकुरत असे. रबरी चाकातील हवा मात्र एका खिळ्याने किंवा बाभळीच्या काट्याने जाऊ शकते. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला की भर रस्त्यात तो रिमवरून उतरवून, नळीला ठिगळ लावून पुन्हा चढविणे एवढाच मार्ग होता. या अडचणीवर वेल्समधील लानेली या गावी १९०४ च्या सुमारास तोडगा निघाला. आऱ्यांशिवायची, हवा भरून तयार ठेवलेली एक रिम. ती फुटलेल्या चाकाला बाहेरून आवळून बसवावी आणि मुक्कामाला पोहोचावे, अशी ती योजना होती. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. त्यावरून त्या चाकाला ‘स्टेपनी’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये हा शब्द आता जवळजवळ कोणी वापरत नाही. मलकापूरच्या ट्रकचालकाच्या तोंडी मात्र तो आजही आहे, आणि त्याला दुसरा पर्याय सुचवण्याची गरज मराठी भाषाशुद्धीच्या कोणत्याही पुरस्कर्त्याला भासलेली दिसत नाही!

स्टेपनीबरोबर जॅक, पाना, टॉमी ही हत्यारे आणि त्यांची एक कार्यपद्धती आली. ट्रकवरील क्लीनर ही या कार्यपद्धतीची चालती-बोलती शाळा होती. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करावेत, कारण उचललेले चाक पाना लावताच फिरते आणि गाडी जॅकवरून घसरते. जॅक कठीण व सपाट जागी, वाहनाच्या सांगाड्यातील नेमून दिलेल्या ठिकाणीच लावावा. समोरच्या तिरप्या चाकाला दगड लावावा. जॅकवर उचललेल्या वाहनाखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, वाहन खाली उतरवल्यावर पुन्हा पक्के करावेत आणि काही अंतर गेल्यावर आणखी एकदा तपासावेत. या प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी चिरडलेला हात असतो. असे ज्ञान पाठ्यपुस्तकात क्वचितच उतरते. ते उस्तादाकडून चेल्याकडे जाते. खासगी मोटार स्वतः चालविणारा मध्यमवर्ग वाढला तेव्हा त्याच्यापाशी स्टेपनी होती, उस्ताद नव्हता. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी चाक बदलून दाखवावे लागत नाही, याकडेही या संदर्भात लक्ष वेधावेसे वाटते.

रस्त्याकडेचा समाज

पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर, म्हणजे आजच्या क्रमांक ५३ वर, खामगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे रस्त्याला लागून वाढली. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेला हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; राज्ये बदलली तरी हा रस्ता पूर्व-पश्चिम मालवाहतुकीची धमनीच राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना ढाबे, पेट्रोलपंप, वेल्डिंगची दुकाने आणि हवा-पंक्चरच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. जुना टायर झाडाला टांगलेला दिसला की तेथे पंक्चर निघते, ही खूण अक्षरओळख नसलेल्यालाही कळते. यांपैकी अनेक टपऱ्या केरळ व उत्तर भारतातून आलेल्या कारागिरांच्या आहेत. बलुतेदारी संपल्यावर रस्त्यावरच्या दुरुस्तीचे काम ज्या नव्या वर्गाने उचलले, त्याचा स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट किंवा खामगावकडे उतरणारा बोथा घाट, येथे वाहन बंद पडले की पूर्वीचा शिरस्ता थोड्या बदलाने चालू राहिला. चाकाला दगड, आणि वाहनाच्या मागे काही अंतरावर झाडाच्या हिरव्या फांद्या व दगडांची रांग. परावर्तक त्रिकोण गाडीत असो वा नसो, फांदी ही येथील सर्वमान्य सूचना आहे. मात्र तिची मर्यादा उघड आहे. फांदी दिवसा दिसते, रात्री दिसत नाही. आणि काम झाल्यावर वाहन निघून जाते, दगड तेथेच राहतात. आपल्या सुरक्षिततेसाठी मांडलेला दगड दुसऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो, ही जाणीव आपल्याकडे फारशी रुजलेली नाही.

कायद्याने हा प्रश्न ओळखला होता. वाहन सार्वजनिक ठिकाणी धोकादायक स्थितीत उभे ठेवू नये, अशी तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये आहे. तथापि कायद्याची भाषा मनाईची आहे. बंद पडलेले वाहन हलविता येत नसेल तर ते हलविण्याची यंत्रणा कोणी, किती वेळात पुरवावी, हा प्रश्न दीर्घकाळ रस्त्याकडेच्या समाजावरच सोडलेला होता. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ ही मदतवाहिनी अलीकडच्या काळातील आहे.

टायर फुटला : दैव की दोष?

टायर फुटण्याकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे. ‘टायर फुटला’ हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात कर्ता नाही. अपघाताच्या वृत्तांतात हे वाक्य आले की पुढील चौकशीची गरज संपल्यासारखे होते. वास्तविक टायर बहुधा अकस्मात फुटत नाही. हवा कमी असली की त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्यामुळे उष्णता निर्माण होते आणि रबर व आतील धागे यांची पकड सुटत जाते. वेग आणि जादा ओझे यांनी हीच क्रिया अधिक जलद होते. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून तापलेल्या टायरमधील हवा कमी करण्याची पद्धत वऱ्हाडात सर्रास आढळते. ती नेमकी उलटी आहे. हवा टायर थंड असताना मोजावी आणि निर्मात्याने सांगितली तेवढी ठेवावी, हेच योग्य. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे.

या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या आरंभी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे जाताना टायर फुटून झालेल्या एका अपघातात, ही ईश्वरी करणी असल्याने भरपाई देय नाही, असा विमा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने तो अमान्य केला. टायर फुटणे ही ईश्वरी करणी नसून मानवी निष्काळजीपणाचा भाग आहे, आणि तपासणी न करता वाहन रस्त्यावर आणणाऱ्याला दैवामागे लपता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. त्यानंतर काही महिन्यांतच बुलढाणा जिल्ह्याला या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजावी लागली.

समृद्धी महामार्ग आणि १ जुलै २०२३

७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; अखेरचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी. जिल्ह्यातील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांतून तो जातो. जुन्या महामार्गापेक्षा हा रस्ता गुणात्मक दृष्ट्या वेगळा आहे. तो गावांना टाळून जातो. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, दुचाकी व तीनचाकींना प्रवेश नाही आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. ढाबा नाही, टपरी नाही, टांगलेला टायर नाही. आरंभीच्या महिन्यांत तर पेट्रोलपंप व स्वच्छतागृहे यांचीही वानवा होती.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे दीड वाजता नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खासगी प्रवासी बस सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ खांबाला व दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. दरवाजाची बाजू खाली गेल्याने बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला. २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. खिडक्यांच्या काचा फोडून काही जणच बाहेर येऊ शकले. मृतांपैकी बहुतेकांवर दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. जिल्ह्याच्या स्मृतीत तो दिवस कायमचा कोरला गेला आहे.

टायर फुटल्याने अपघात झाला, असे चालकाने प्रथम सांगितले आणि दिवसभर तेच कारण सर्वत्र प्रसृत झाले. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालाने मात्र ते नाकारले. टायर फुटला असता तर रस्त्यावर रबराचे तुकडे व चाकाच्या खुणा दिसल्या असत्या. तशा त्या घटनास्थळी आढळल्या नाहीत. या ठिकाणी इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असे वाटते. एक कर्तृहीन वाक्य किती सहज स्वीकारले गेले! रस्त्यावरचा साधा भौतिक पुरावा कोणी तपासला नसता, तर चालकाची स्थिती, बसची रचना व संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग यांविषयीचे प्रश्न त्या एका वाक्याखाली दबून गेले असते. दुर्घटनेनंतर या महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायरांची तपासणी करण्याच्या मोहिमा झाल्या. त्या स्वागतार्हच होत्या. पण ज्या अपघातात टायर फुटलाच नव्हता, त्याच्यानंतर सर्वांत दृश्य उपाय टायरांचा व्हावा, हा विरोधाभास नोंदवायलाच हवा.

थांबण्यातील धोका

नव्या महामार्गावर खरा धोका फुटलेल्या टायरपेक्षा त्यानंतर थांबलेल्या वाहनाला आणि त्याच्याभोवती उभ्या माणसांना असतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी वैजापूरजवळ एक प्रवासी टेम्पो पुढील ट्रकवर मागून आदळला आणि १२ जणांचा मृत्यू झाला. हे सर्व भाविक आपल्याच जिल्ह्यातील सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतत होते. तो ट्रक नादुरुस्त नव्हता. परिवहन विभागाच्या पथकाने तो महामार्गावर थांबविल्याचा आरोप झाला आणि त्या प्रकरणी दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. रात्री समोरचे वाहन उभे आहे की चालत आहे, हे ओळखण्यातच दोन-तीन सेकंद जातात. बैलाला उपजत कळणारी गोष्ट चालकाला शंभर मीटर गेल्यावर कळते.

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री शेजारच्या वाशीम जिल्ह्यात मालेगाव व वनोजा यांच्या दरम्यान महामार्गावर पडलेल्या लोखंडी फलकामुळे पन्नासहून अधिक वाहनांची चाके फुटल्याचे वृत्त आले. प्रवासी कुटुंबांसह थंडीत रात्रभर अडकून पडले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात माळीवाड्याजवळ रस्त्यात खिळे ठोकल्याची चित्रफीत पसरली. ते खिळे नसून भेगा बुजविण्यासाठी बसविलेल्या धातूच्या नळ्या असल्याचा खुलासा महामंडळाने केला. चाक फुटलेल्यांच्या दृष्टीने या भेदाला फारसा अर्थ नव्हता. रात्रीच्या वेळी काम चालू असल्याची पुरेशी सूचना होती की नाही, हाच त्यांचा प्रश्न होता.

अशा मार्गावर क्लीनरकडून आलेली जुनी कार्यपद्धती जशीच्या तशी लागू पडत नाही, तिचा क्रमच उलटतो. टायर फुटताच ब्रेक जोरात दाबू नये; सुकाणू घट्ट धरून वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि रिम खराब झाली तरी चालेल, पण वाहन डावीकडच्या पट्टीच्या अगदी कडेला न्यावे. धोक्याचे दिवे लावावेत. त्यानंतर पहिले काम चाकाचे नसून माणसांचे आहे. सर्वांनी रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडे, वाहनाच्या मागच्या दिशेला जाऊन उभे राहावे, म्हणजे धडक बसलीच तर पुढे ढकलले जाणारे वाहन अंगावर येत नाही. त्रिकोण ठेवायचा तर कठड्यालगत चालत बराच मागे. उजव्या बाजूचे, म्हणजे रहदारीकडचे चाक फुटले असेल तर ते स्वतः बदलू नये. मदतवाहिनीला किंवा ११२ ला कळवून वाट पाहावी. जुन्या रस्त्यावर स्वतः चाक बदलणे हे शहाणपण होते. येथे ते बहुधा धाडस ठरते.

मात्र वाट पाहायची तर कोणीतरी येणार याची खात्री हवी. जुन्या मार्गावर ती टपरीवाल्याने, ढाब्याने आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने दिली होती. २०१९ च्या सुधारणेने कायद्यात कलम १३४अ घालून अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. पण कुंपणाआड गेलेल्या रस्त्यावर पलीकडच्या शेतातील माणूस मदतीला येणार तरी कोठून? पिंपळखुट्याच्या रात्री आग जवळच्या शेतकऱ्यांनाही दुरून दिसली असेल. रस्त्यावर येण्याची वाट त्यांच्यासाठी ठेवलेली नव्हती.

दरम्यान स्टेपनीचाही अस्तकाळ जवळ आला आहे. जुलै २०२० मधील अधिसूचनेने केंद्रीय नियमांत बदल होऊन, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असल्यास प्रवासी मोटारीत जादा चाक नसले तरी चालेल असे ठरले. दुरुस्तीचा संच खिळ्याचे छिद्र बुजवू शकतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही. वाशीमच्या त्या रात्रीसारखी रात्र पुन्हा आली, तर अशा मोटारीतील प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे राहून ओढगाडीचीच वाट पाहावी लागेल, आणि ती किती वेळात येते यावरच सारे अवलंबून राहील.